नकाशातील घर आणि जमिनीवरील घर

श्रोतेहो, घर बांधावयाचे ठरले म्हणजे पूर्वी मनुष्य प्रथम गवंड्याकडे जात असे. आज तो पुष्कळदा प्रथम संगणकापुढे बसतो. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड या गावांतूनही आता जोत्याचा पहिला दगड बसण्यापूर्वी घराचे घनाकार चित्र पडद्यावर पाहावयास मिळते. भिंत उंच करावी, खिडकी सरकवावी, छत उचलून आत डोकावावे, हे सर्व बोटाच्या हालचालीने होते. परंतु ज्यांनी हा उद्योग स्वतः करून पाहिला आहे त्यांस त्यातील विघ्नेही ठाऊक आहेत. चारही भिंती काढल्या तरी मध्ये फरशी भरत नाही. छत भिंतीवर न टेकता वीतभर वर तरंगते. एखादी भिंत एका बाजूने दिसते व दुसऱ्या बाजूने नाहीशी होते. दोन पृष्ठे एकमेकांत मिसळून लुकलुकू लागतात. अशा वेळी बहुतेकांचा समज असा होतो की, हे यंत्राचे काही तरी नवे दुखणे आहे. वस्तुतः ही दुखणी फार जुनी आहेत. प्रत्येक काळातील कारागिरांना ती भेटली व प्रत्येकाने त्यांवर आपापला उपाय शोधला. त्या उपायांचा इतिहास ध्यानी घेतला तर दोष कोठे शोधावा हे तर कळतेच, पण कोणता दोष यंत्राला कधीच सापडणार नाही हेही कळते. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

प्रथम आपल्या परभणी जिल्ह्यातील जुन्या घराकडेच पाहू. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश काळ्या कसदार मातीचा. येथील जुने घर म्हणजे माळवदाचे, म्हणजेच धाब्याचे घर. दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांखाली दगडी तळखडे, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचा किंवा फळ्या, आणि या सर्वांवर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी त्या थरावर नवी माती पसरून चोपावयाची आणि पाणी पन्हळीकडे वाहील असा उतार राखावयाचा, ही वर्षाची रीतच होती. उजेड यावा व धूर जावा म्हणून माळवदाला जे भोक ठेवीत त्यास साणे म्हणत.

अशा घराचा कागदावर नकाशा बहुधा नसे. परंतु नकाशा नव्हता म्हणजे नमुनाही नव्हता असे म्हणता येणार नाही. तो नमुना ‘खण’ या एका शब्दात साठविलेला होता. दोन तुळयांच्या मधील जागा म्हणजे खण. घर किती खणांचे, ओसरी किती खणांची, माजघर किती खणांचे, एवढे सांगितले की सुताराला खांब किती, तुळया किती, कड्या किती याचा हिशेब आपोआप कळे. खणाची लांबी-रुंदी मिळालेल्या लाकडाच्या लांबीवरून ठरे. लाकूड आखूड मिळाले तर खण लहान होई, आणि त्याबरोबर सारे घर त्याच प्रमाणात आवळले जाई. एक माप बदलले असता त्यावर अवलंबून असलेली सर्व मापे बदलावीत, ही जी सोय आजच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या कौतुकाने सांगितली जाते, ती आमच्या सुताराच्या बोलण्यात पूर्वीपासूनच होती.

आता त्या काळी घर चुकत नसे काय? चुकत असे, म्हणूनच तपासणीची साधने होती. खांब उभा आहे की नाही हे ओळंबा सांगे. जोते समपातळीत आहे की नाही हे पाणसळ सांगे. कोन काटकोनात आहे की नाही हे लहान कामात गुण्या सांगे, आणि मोठ्या कामात सूत सांगे. चौकोनाच्या चारही बाजू बरोबर असल्या तरी चौकोन तिरपा असू शकतो. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांतून सूत धरून दोन्ही कर्ण मोजावयाचे. दोन्ही सारखे भरले तरच खोली चौरस साधली. ही विद्या किती जुनी आहे हे शुल्बसूत्रांवरून दिसते. यज्ञवेदी मांडण्यासाठी दोरीने काटकोन कसा साधावा हे त्या ग्रंथांत सांगितले असून आयताच्या कर्णावरील चौरसाचा नियम बौधायनाने स्पष्ट शब्दांत दिला आहे. तीन, चार व पाच अशा मापांच्या दोरीने काटकोन काढणारा आजचा गवंडी त्याच परंपरेतला आहे.

मातीच्या घरात लहानसहान चूक गिलाव्याखाली झाकता येते. दगडात ती सोय नाही. जिंतूर तालुक्यातील चारठाणा आणि गंगाखेड तालुक्यातील धारासूर येथील जुनी मंदिरे ज्यांनी पाहिली असतील त्यांच्या हे ध्यानात येईल. अशा मंदिरांस लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात. यादवांचा मंत्री हेमाद्री हा १३व्या शतकातला. त्या नावाने ओळखली जाणारी पुष्कळ देवळे त्याच्याही आधीची आहेत. पण नाव बाजूस ठेवले तरी बांधणीची रीत मोठी बोधप्रद आहे. घडीव दगड चुना न वापरता एकावर एक बसवावयाचे, खाचेत खुंटी बसावी तसे ते एकमेकांत अडकवावयाचे, आणि त्यांच्या वजनानेच इमारत उभी ठेवावयाची. येथे एका थरात बोटभर चूक राहिली तर ती पुढच्या थरात वाढत जाते आणि अखेर वरचा दगड बसतच नाही. म्हणजे दगड स्वतःच पाथरवटाला सांगतो की, खाली कोठे तरी चूक झाली आहे. संगणकावर छत बसेनासे झाले म्हणजे छताशी झगडत न बसता खालच्या भिंतींची उंची तपासावी, हा जो नियम अनुभवी लोक सांगतात, त्याचे मूळ याच अनुभवात आहे. दोष जेथे दिसतो तेथेच तो जन्मलेला असतो असे नाही.

कागदावरील नकाशाचे युग आपल्याकडे इंग्रजी अमलाबरोबर आले. वस्तूचे वरून, समोरून व बाजूने दिसणारे आकार एकमेकांशी जुळवून काढण्याचे शास्त्र फ्रान्समध्ये गास्पार मोंझ याने १८व्या शतकाच्या उत्तरार्धात रचले. किल्ल्यांच्या बांधणीत त्याचा उपयोग असल्यामुळे ते काही काळ गुप्त ठेवण्यात आले होते. पुढे ते सर्व इंजिनिअरिंग शाळांतून शिकविले जाऊ लागले. रुरकीचे कॉलेज १८४७ मध्ये आणि पुण्याची इंजिनिअरिंगची शाळा १८५४ मध्ये निघाली. परभणी जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता व १९४८ पर्यंत तेथेच राहिला. त्या राज्यातून जाणाऱ्या रेल्वेची स्टेशने, पूल व बंगले कागदावरील नकाशांप्रमाणे उभे राहिले, आणि खणांच्या हिशेबाशेजारी फूट व इंचांचा हिशेब नांदू लागला.

या कागदी नकाशात एक गुण होता व त्याच गुणात एक दोष दडलेला होता. एका घरासाठी तीन-चार वेगवेगळी चित्रे काढावी लागत: खोल्यांची मांडणी दाखविणारा नकाशा, समोरची बाजू, आणि मधून कापून दाखविलेला छेद. ही चित्रे परस्परांशी जुळतात की नाही हे कागद सांगत नाही. नकाशात खिडकी चार फुटांची आणि समोरच्या बाजूत साडेतीन फुटांची असली तरी दोन्ही कागद शांतपणे मेजावर पडून राहतात. विसंगती लक्षात येई ती कामावर, आणि तेथे अनुभवी मिस्त्री ती आपल्या शहाणपणाने मिटवून टाकी. थोडक्यात, कागदाची चूक माणूस सांभाळून घेत असे.

येथून यंत्राच्या इतिहासाला आरंभ होतो. १९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे इव्हान सदरलँड या तरुण संशोधकाने ‘स्केचपॅड’ नावाची आज्ञावली आपल्या प्रबंधासाठी तयार केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर ओबडधोबड रेघ काढावी, मग ‘या दोन रेघा समांतर असू देत’, ‘या दोन काटकोनात असू देत’ अशी अट घालावी, आणि यंत्राने ती अट पाळून चित्र सुधारावे, अशी तिची योजना होती. गुण्या आणि सूत यांचे काम यंत्राकडे सोपविण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न म्हणावयास हरकत नाही. त्यानंतर १९७५ मध्ये चार्ल्स ईस्टमन यांनी असे प्रतिपादन केले की, एकाच इमारतीची अनेक चित्रे काढण्याऐवजी यंत्रात इमारतीचे एकच घनाकार वर्णन साठवावे आणि लागेल ते चित्र त्यातून काढावे. म्हणजे चित्राचित्रांतील विसंगती मुळातच नाहीशी होईल.

विचार उत्तम होता, पण त्याची किंमतही होती. आता मिस्त्रीचे शहाणपण मध्ये उभे राहिले नाही. यंत्राला घर म्हणजे कोपरे, कडा व पृष्ठे यांची एक यादी. ती यादी खऱ्याखुऱ्या घनवस्तूची आहे की नाही हे ठरविणार कसे? येथे १८व्या शतकातील गणित कामास आले. ऑयलर या गणितज्ञाने १७५०च्या सुमारास असे दाखविले की, साध्या घनाकृतीच्या कोपऱ्यांच्या संख्येतून कडांची संख्या वजा करून तीत पृष्ठांची संख्या मिळविली असता उत्तर नेहमी २ येते. श्रोत्यांनी घरातील काड्याची पेटी हातात घेऊन हे पाहावे: कोपरे ८, कडा १२, पृष्ठे ६, आठातून बारा गेले, सहा मिळविले, उत्तर दोन. यादीचे उत्तर दोन आले नाही तर कोठे तरी पृष्ठ गळाले आहे किंवा कडा सुटली आहे असे यंत्राने समजावे. १९७०च्या दशकात केंब्रिज व स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी घनवस्तू साठविण्याच्या ज्या रीती बसविल्या त्यांत कोपरे, कडा व पृष्ठे यांचे हे परस्परनाते सांभाळलेले होते.

मात्र याच सूत्रात एक मोठा धडाही आहे. काड्याच्या पेटीऐवजी जाड भिंत घ्या आणि तिला आरपार खिडकी पाडा. आता कोपरे १६, कडा २४ आणि पृष्ठे १० होतात. जुन्या सूत्राने पुन्हा उत्तर दोनच येते! म्हणजे भिंतीला भोक पडले तरी बेरजेला त्याचा पत्ता नाही. १९व्या शतकाच्या आरंभी लुइलिए या गणितज्ञाने भोके असलेल्या आकृतींसाठी या नियमात दुरुस्ती सुचविली. खिडकीमुळे भिंतीच्या दोन्ही अंगांस जी एकेक आतली चौकट उमटते, ती वजा केली म्हणजे उत्तर शून्य येते आणि भोक उघडकीस येते. बेरीज जुळली म्हणजे घर जुळले असे समजू नये. काय मोजावयाचे राहिले आहे हे आधी पाहावे. ही गोष्ट पुढेही आपल्या उपयोगी पडेल.

१९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ बाजारात आले आणि नकाशे काढण्याचे काम लहान संगणकावर होऊ लागले. हंगेरीतील ग्राफिसॉफ्ट या संस्थेने १९८४ मध्ये जी आज्ञावली प्रसिद्ध केली तीच पुढे ‘आर्किकॅड’ म्हणून ओळखली गेली. २००० या एकाच वर्षी ‘रेव्हिट’ आणि ‘स्केचअप’ ही दोन्ही आली. पैकी दुसरी शिकावयास इतकी सोपी होती की वास्तुशास्त्र न शिकलेला गृहस्थही आपल्या घराचा नमुना स्वतः रचू लागला. आणि तेव्हापासून आरंभी सांगितलेली दुखणी घरोघरी पोहोचली. त्यांची कारणे आता क्रमाने पाहू.

फरशी भरत नाही याचे कारण बहुधा एवढेच असते की, चौकोन मिटलेला नाही. दोन रेघांच्या टोकांत केसाएवढे अंतर राहिलेले असते. डोळ्यांना कोपरा मिटलेला दिसतो, यंत्राला तो उघडा दिसतो. उपाय असा की, त्या कोपऱ्यापाशी चित्र पुष्कळ मोठे करून पाहावे आणि टोक टोकाला चिकटवून घ्यावे. कधी कधी चारही टोके मिळालेली असतात, पण एक कोपरा इतरांपेक्षा किंचित उचललेला असतो. तेथे पाणसळीचे काम करावे. चारही कोपऱ्यांची उंची आकड्यांत पाहून ती एक करावी.

भिंत एका बाजूने नाहीशी होते याचे कारण असे की, यंत्राच्या लेखी प्रत्येक पृष्ठाला आत आणि बाहेर अशा दोन बाजू असतात, आणि कोपरे कोणत्या क्रमाने लिहिले यावरून बाहेरची बाजू ठरते. क्रम उलटा पडला की सदरा उलटा घातल्याप्रमाणे भिंतीचे अस्तर बाहेर येते. आणि जी आज्ञावली केवळ बाहेरची बाजूच रंगवते, ती अशी भिंत मुळी दाखवीतच नाही. पृष्ठ उलटविण्याची आज्ञा देताच दोष जातो. लुकलुकणाऱ्या पृष्ठांचे कारण याहून साधे आहे. फरशी आणि तिच्याखालचे जोते ही दोन्ही एकाच पातळीवर काढली तर पुढे कोण व मागे कोण याचा निर्णय यंत्राला करता येत नाही, आणि क्षणोक्षणी तो निर्णय बदलतो. खऱ्या घरात फरशीला जाडी असते. नमुन्यातही ती द्यावी.

मापांचा घोटाळा तर आपल्याकडे विशेषच. भारतात दशमान मापे १९५६च्या कायद्याने आली व १९६२ पर्यंत सर्वत्र लागू झाली. तरीही प्लॉट आपण फुटांत बोलतो, शेत गुंठ्यांत बोलतो, आणि सिमेंटच्या कामाचे नकाशे मिलिमीटरमध्ये येतात. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे १ गुंठा, अर्थात १,०८९ चौरस फूट. दुसऱ्याने पाठविलेला नकाशा आपल्या नमुन्यात आणला आणि घर डोंगराएवढे किंवा मुंगीएवढे दिसले, तर कोणाच्या मिलिमीटरला कोणी तरी मीटर किंवा इंच समजले आहे असे खुशाल समजावे. याहून घातक चूक म्हणजे मिश्रणाची: निम्म्या भिंती फुटांत व निम्म्या मीटरमध्ये मोजलेल्या. म्हणून नमुना आणल्याबरोबर ज्याचे माप निश्चित ठाऊक आहे असे एखादे दार प्रथम मोजून पाहावे.

गोलाकाराची गोष्टही सांगण्यासारखी आहे. सेलू तालुक्यातील वालूर येथे वळत वळत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची गोल बारव आहे. अशा बारवेचा नमुना करू जाता यंत्र काय करते? ते वर्तुळ काढीत नाही. सरळ रेघांचा बहुकोन काढते. स्केचअपमध्ये, आपण दुसरे काही न सांगितल्यास, वर्तुळ म्हणजे २४ बाजूंचा बहुकोन असतो. समजा बारवेची त्रिज्या ५ मीटर आहे. तर प्रत्येक बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळापासून सव्वाचार सेंटिमीटर आत राहतो. तेवढ्यात पायरीचे टोक भिंतीत घुसते किंवा भिंतीपासून सुटते. मध्ये खुंटी ठोकून दोरी फिरविणाऱ्या जुन्या कारागिराला ही अडचण आली नसती. आपण बाजूंची संख्या वाढवावी, आणि पायऱ्या व भिंत या दोहोंसाठी ती एकच ठेवावी.

सर्वांत चमत्कारिक दोष आकड्यांच्या लांबीमुळे होतो. यंत्र आकडा साठविते तो ठरावीक अंकांपुरताच. अचूकतेच्या लहान प्रकारात, १९८५ मध्ये ठरलेल्या प्रमाणानुसार, सुमारे ७ अंक विश्वासार्ह असतात. आता कोणी हौसेने परभणीतील आपले घर पृथ्वीच्या नकाशावरील खऱ्या जागी मांडले, तर विषुववृत्तापासून उत्तरेकडील त्याचे अंतर २१ लाख ३१ हजार मीटरच्या आसपास भरते. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ लहान प्रकारात शेजारशेजारच्या दोन आकड्यांमधील अंतर पाव मीटर पडते. म्हणजे भिंत आपल्या जागी बसावयाची तर पाव मीटरच्या उड्या मारीतच बसणार! पुष्कळ आज्ञावली आतील हिशेब मोठ्या अचूकतेने करतात, परंतु पडद्यावर चित्र रंगविणारा भाग बहुधा हेच आखूड आकडे वापरतो. म्हणून कडा थरथरताना दिसतात. उपाय सोपा आहे. घराचा एखादा कोपरा शून्य मानावा, सर्व मापे तेथून घ्यावीत, आणि पृथ्वीवरील जागा स्वतंत्रपणे टिपून ठेवावी. सुतार पहिल्या खांबापासूनच खण मोजू लागतो. तो गावाच्या वेशीपासून मोजत नाही.

येथवर सांगितलेले सर्व दोष नमुन्याच्या अंगचे आहेत. नमुन्याचे स्वतःशी जुळत नाही, आणि म्हणून ते यंत्राला कळतात. परंतु दुसरा वर्ग याहून गंभीर आहे. तेथे नमुना स्वतःशी पूर्णपणे जुळतो आणि जमिनीवरील घराशी जुळत नाही. जुन्या वाड्याची दुरुस्ती करावयाची म्हणून कोणी त्याची मोजणी करतो. खोलीच्या चारही भिंती मोजून यंत्रात घालतो. शेवटची भिंत पहिलीला मिळत नाही, अर्ध्या फुटाचे अंतर उरते. तेव्हा अधीर मनुष्य काय करतो? शेवटची रेघ ओढून कोपरा मिटवितो. फरशी भरते, यंत्र संतुष्ट होते, आणि खोटी खोली कायमची नमुन्यात जाते. जमीन मोजणाऱ्यांना ही अडचण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेतील नॅथॅनिएल बाउडिच याने १८०८ मध्ये अशी रीत सांगितली की, फेरी पुरी करताना जी चूक उरते ती एकाच बाजूवर न लादता सर्व बाजूंवर त्यांच्या लांबीच्या प्रमाणात वाटावी. पण ही वाटणी लहान चुकीसाठी आहे. अर्ध्या फुटाची चूक वाटून घ्यावयाची नसते. ती शोधावयाची असते. पुन्हा जाऊन दोन्ही कर्ण मोजावेत. बहुधा असे निघते की, मापे बरोबर होती, आणि काटकोन मानलेला कोपराच काटकोनात नव्हता. माळवदी घराची भिंत पुष्कळदा तळाशी जाड व माथ्याशी कमी जाड असते. आज्ञावली तिला एकाच जाडीची समजते. घर चुकलेले नसते. आपण त्याच्यावर लादलेली समजूत चुकलेली असते.

ही समजूत चुकल्याने काय होऊ शकते याचे उदाहरण मराठवाड्याला विसरता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी व आसपासच्या गावांत भूकंप झाला आणि सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद यांनी झोपलेल्या माणसांचा घात केला. हिशेब करून पाहा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद छतावर एकच फूट मातीचा थर असला तर ती १०० घनफूट माती झाली. तिचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे नवी माती पडत गेली की हा थर वाढतच जातो. त्याच वेळी असेही आढळले की, काही घरांच्या भिंती कोसळल्या तरी आतील खांब व तुळया यांचा सांगाडा उभा राहिला, आणि त्याखालील माणसे वाचली. माळवदाचा भार खांबांनी घेतला होता की भिंतींनी, यावर जगणे व मरणे अवलंबून राहिले.

आता हेच घर पडद्यावर पाहा. छत म्हणजे एक पृष्ठ, त्याची जाडी म्हणजे एक आकडा. खांब भिंतीला लागून उभा असला तर तो भार वाहणारा आहे की शोभेचा, हे चित्रात दिसत नाही. दिवाणखाना मोठा दिसावा म्हणून एक खांब पुसून टाकला तर छत जागच्या जागी राहते. पडद्यावर काहीच कोसळत नाही. कोपरे, कडा, पृष्ठे यांची बेरीज बिनचूक येते, कारण वजन मोजावयाचेच राहिलेले असते. भार तपासणाऱ्या आज्ञावलीही आहेत, परंतु त्या वेगळ्या आहेत, आणि त्यांनाही मातीचा थर किती आहे व तुळई कोठे टेकली आहे हे कोणी तरी खरे सांगावे लागते. २०२४च्या मार्च व जुलै महिन्यांत शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे जे धक्के बसले ते परभणीतही जाणवले. तेव्हा हा प्रश्न केवळ जुन्या आठवणीचा नाही.

जमिनीचेही तसेच आहे. आज्ञावलीतील जमीन म्हणजे सपाट, अचल पातळी. आपल्या जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. नमुन्यातील पाया कधी हालत नाही. काळ्या मातीवरील उथळ पाया दर वर्षी थोडा थोडा हालतो, आणि भिंतीवर तिरप्या चिरा उमटतात. त्या चिरा नमुन्यात शोधून सापडणार नाहीत.

तर मग घराचा नमुना टाकूनच द्यावा काय? मुळीच नाही. कुटुंबातील सर्वांना, विशेषतः जिला दिवसाचा मोठा भाग त्या घरात काढावयाचा आहे त्या गृहिणीला, घर बांधण्यापूर्वी पाहता यावे व आपले मत सांगता यावे, ही सोय लहान नाही. शिवाय जुनी माळवदी घरे आता झपाट्याने पडत आहेत. त्यांतील खणांची मांडणी काळजीपूर्वक मोजून नमुन्यात जतन केली तर पुढच्या पिढीला ती पाहावयास तरी मिळेल. फक्त तपासणीचा क्रम सोडू नये. नमुना अडला म्हणजे प्रथम एकक पाहावे, मग आरंभबिंदू, मग कोपरे मिटले आहेत की नाही, मग पातळी, मग पृष्ठांची दिशा. आणि नमुना अडेनासा झाला म्हणजे काम संपले असे न समजता, टेप आणि ओळंबा घेऊन प्रत्यक्ष जागेवर जावे. कर्ण मोजावेत. मातीच्या थराची जाडी पाहावी. तुळईचे टोक हाताने चाचपून ते खांबावर टेकले आहे की भिंतीत घुसले आहे, याची खात्री करून घ्यावी. खांब काढावयाचा असेल तर जाणत्या इंजिनिअरला विचारल्याखेरीज काढू नये.

यंत्राला विसंगती कळते, पण ती त्याच्या स्वतःच्या यादीतली. घर खरे कसे आहे हे त्याला आपणच सांगावयाचे असते, आणि ते सांगण्यासाठी आपणांस आधी घराकडे नीट पाहावे लागते. आपल्या गावात एखादे माळवदी घर अजून उभे असेल तर सवडीने तेथे जावे, त्याचे खण मोजावेत, आणि घरातील वडील माणसांना कोणता खांब कशासाठी उभा आहे हे विचारून ते लिहून ठेवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.